खिशाकडे बघत

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत हे सांगावं लागतं. अंगठा उमटत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी यंदा काउंटरवरच्या मुलीकडे फोन होता. तो फोन चेहरा बघतो आणि हयातीचा दाखला देतो. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते. पांढरा हाफ शर्ट, बगलेत प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडावर दाबून धरलेला चौकडीचा रुमाल. 'काका, रुमाल काढा,' मुलगी म्हणाली. त्यांनी काढला. तिने फोन धरला, फोनने डोळे मिचकवायला सांगितलं, त्यांनी मिचकवले. पुन्हा सांगितलं, पुन्हा मिचकवले. तिसऱ्यांदा मुलगी उठून उभी राहिली, त्यांना खिडकीजवळ उजेडात यायला सांगितलं, तरी जमेना. रांगेतले सगळे एकदम आपापल्या पासबुकात काहीतरी शोधायला लागले. 'काका, ह्याला ओळखू येत नाहीये. तुम्ही फॉर्मच भरून द्या ना,' ती शेवटी म्हणाली. ते माझ्याकडे वळले, हाताने लिहिल्याची खूण केली. मी जेल पेन काढलं, टोपण सवयीने माझ्याकडेच ठेवलं (टोपण आपल्याकडे ठेवलं की पेन परत येतं, हे वडिलांचं शास्त्र) आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. धरताना मी बघत होते त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे.

फॉर्म भरून झाल्यावर ते पेन परत करायला आले आणि काहीतरी म्हणाले. मला समजलं नाही. 'परत सांगा' म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी खिशाकडेच बघत 'हो हो, राहू द्या तुम्हालाच' असं म्हणून मोकळी झाले. ते क्षणभर थांबले. मग पेन त्या खिशात गेलं आणि ते दाराकडे गेले.

सव्वीस वर्षं मी चेहरे काढण्याचा पगार घेतला.

सरकारी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी विभागाला एक आर्टिस्टची पोस्ट असते, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. अप्लाइड आर्ट करून मी जाहिरातीच्या जगात जायचं ठरवलं होतं आणि पोचले फॉर्मॅलिनच्या वासात. सुरुवातीची कामं म्हणजे भिंतीवरचे तक्ते. धमनी लाल, शीर निळी, नस पिवळी. नंतर थिसिसच्या आकृत्या, काचेच्या बरण्यांवरची लेबलं, कुणी परदेशी कॉन्फरन्सला निघालं की रात्र जागून ट्रान्सपरन्सीज. मग प्लॅस्टिक सर्जरीच्या सरांनी एक दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं. तिथे स्टुलावर उभं राहून त्यांच्या खांद्यावरून बघायचं आणि पॅडवर पेन्सिलीने टिपायचं. कॉटरीचा, म्हणजे रक्त थांबवायला डाग देतात त्या विजेच्या सुईचा, वास जळक्या केसांसारखा येतो. पहिल्या दिवशी मला भोवळ आली, ओटीतल्या मामांनी खुर्ची दिली आणि कानात म्हणाले, 'मॅडम, सगळं नका बघू. जेवढं काढायचंय तेवढंच बघा.' चित्रकलेचं इतकं नेमकं शिक्षण मला पुढे कुणी दिलं नाही. फोटो का नाही काढत, असं मी एकदा सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'फोटोग्राफर मला रक्ताचा फोटो देतो. मला फेशियल आर्टरी हवी असते.' खरंच आहे. कॅमेऱ्याला चिमटा, बोळा, रक्त आणि नस ही सगळी सारखीच. काढणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं की काय ठेवायचं आणि काय पुसायचं.

हे पुसणं मी फार चांगलं करायचे. त्याबद्दल पुढे सांगते.

हेन्री टोंक्सची चित्रं मी पाहिली ती नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, विभागातल्या कॉम्प्युटरवर, दुपारच्या रिकाम्या वेळात. टोंक्स हा आधी डॉक्टर. १८८८ साली एफआरसीएस झालेला, विद्यार्थ्यांना अ‍ॅनाटॉमी शिकवलेला सर्जन. पुढे डॉक्टरकी सोडून लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकवायला लागला आणि तिथे त्याचा भारी दरारा. त्याच्या शेऱ्यांनी पोरंपोरी रडायची म्हणे. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. फ्रान्समधल्या रेडक्रॉसच्या इस्पितळात त्याने काम केलं आणि १९१६ साली सैन्याच्या वैद्यकीय दलात लेफ्टनंट होऊन ऑल्डरशॉटच्या लष्करी इस्पितळात आला. तिथे हॅरल्ड गिलीज नावाचा न्यूझीलंडचा तरुण सर्जन फुटलेले चेहरे जोडत होता. खंदकांच्या लढाईत धड जमिनीखाली आणि डोकं तेवढं वर. त्यामुळे जखमा चेहऱ्याच्या. आतापर्यंत असे लोक मरायचेच, आता बरेच जगत होते, आणि जगल्यावर त्यांचं काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. असे जखमी आपल्याकडेच यावेत म्हणून गिलीजने पदरचे दहा पौंड खर्चून इस्पितळाचा पत्ता छापलेली लेबलं फ्रान्सला धाडली. सामानाला बांधतात तसली. ती माणसांना बांधून माणसं येऊ लागली. १ जुलै १९१६ ला सोमची लढाई सुरू झाली, तेव्हा त्याने दोनशे खाटा जास्तीच्या तयार ठेवल्या होत्या. आले दोन हजार.

टोंक्सचं काम ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा चेहरा काढण्याचं. कुठलं हाड गेलंय, कुठली कातडी कुठून कुठे आणली, याच्या रेघांच्या आकृत्या त्याने केल्याच. पण त्याचबरोबर पेस्टल खडूने पूर्ण चेहरेही केले, सुमारे सत्तर. त्या काळचा फोटो काळा-पांढरा. ताजी जखम, भरत आलेली जखम, जुना व्रण यांतला फरक रंगातच असतो, म्हणून खडू. हे झालं कारण. पण खडूने काम केलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पेस्टलला ना ब्रश ना पाणी. रंग लावून तो बोटानेच घासायचा. गाल गोल करायचा तर करंगळीशेजारच्या बोटाने कागदावरचा गाल चोळायचा, ओठाची कड मऊ करायची तर तिच्यावरून अंगठा फिरवायचा. ज्याला हात लावायची डॉक्टर-नर्सशिवाय कुणाची छाती झाली नसती, त्या ठिकाणी या तिरसट मास्तराचं बोट तासभर फिरत असणार. खडूची पूड नखात जाऊन बसते, जेवायला बसेपर्यंत निघत नाही. माझ्या नखांत ती अनेकदा असायची, गुलाबी आणि गेरूच्या रंगाची.

कॉम्प्युटरवर ती चित्रं एकामागून एक उघडत गेले आणि खालचे ओठ नसलेली, नाकाच्या जागी खड्डा असलेली ती पोरं माझ्याकडे सरळ बघत होती. हे मला अपेक्षित नव्हतं. आमच्या कामात पेशंट कधीच बघत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी तरी असते, नाहीतर आम्ही डोळे मिटलेलेच काढतो, नाहीतर जखमेपुरताच चौकोन. टोंक्सने त्यांचे डोळे ठेवले होते, केस नीट विंचरलेले ठेवले होते. गिलीजचं काम पुढे १९१७ साली सिडकपच्या नव्या इस्पितळात गेलं. तिथे पाच हजारांच्या वर सैनिकांवर मिळून अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात आरसे ठेवायची बंदी होती. इस्पितळातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते. निळ्या बाकावर बसलेला माणूस दिसला तर दचकू नका, अशी गावकऱ्यांना आगाऊ सूचना. म्हणजे पोरांना स्वतःचा चेहरा दिसू नये आणि गावालाही अचानक दिसू नये, अशी सगळी व्यवस्था झालेली. त्यात हा एक माणूस समोर खुर्ची टाकून बघतोय. त्या पोरांना ते कसं वाटलं असेल? बरं वाटलं असेल असं लिहून टाकायचा मोह होतो. पण मी त्या खुर्चीत बसलेय. बघणाऱ्याला बरं वाटतं एवढं मी खात्रीने सांगू शकते.

कारण टोंक्सला ते काम आवडायचं. एका पत्रात त्याने लिहिलंय की नाक साफ कापलं गेलेला एक देखणा तरुण म्हणजे मोडक्या ग्रीक पुतळ्याचं जिवंत डोकंच. वाचून मला त्याचा राग आला आणि लगेच स्वतःचीच चोरी पकडल्यासारखं झालं. एका चौदा वर्षांच्या मुलाच्या गालाला अस्वलाने पंजा मारला होता. त्याचं चित्र करताना माझ्या मनात आलेला पहिला विचार, 'काय सुंदर उलगडलाय मसेटर!' जबड्याचा तो स्नायू पुस्तकात जसा दाखवतात तसा नेमका दिसत होता. ते पोर वेदनेने कण्हत होतं आणि मी बी ठेवू की टू-बी, या पेन्सिलीच्या निवडीत होते. अशा वेळी आपल्यात एक थंड माणूस जागा होतो. तो नसता तर चित्र झालं नसतं आणि मी पळून गेले असते. तो फार वेळ राहिला तर काय होतं, हे मात्र मला नीट सांगता येत नाही. टोंक्सने स्वतःच ठरवलं होतं की ही चित्रं लोकांपुढे मांडायची नाहीत, फार भयंकर आहेत. ती कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात गेली. आज ती घरबसल्या मोबाइलवर दिसतात, आणि मीही ती विनापरवाना बघितलीच की.

आता पुसण्याबद्दल.

१९९० च्या आसपासची गोष्ट. दुष्काळी भागातली एक बाई वॉर्डात आली होती. मान भाजून छातीला चिकटलेली, खालचा ओठ ओढला जाऊन सारखी लाळ गळायची. केसपेपरवर 'स्टोव्हचा भडका' लिहिलं होतं. त्या काळात सगळ्याच बायकांच्या केसपेपरवर स्टोव्हचा भडकाच असायचा आणि कुणी जास्त विचारायचं नाही. सरांना ऑपरेशनच्या आधीचं चित्र हवं होतं. मी दोन दिवस तिच्याजवळ बसले. ती काही बोलायची नाही, मीही नाही. चित्र झालं आणि तिने हात पुढे केला. दाखवावं की नाही असा विचार करत होते तोवर तिने पॅड ओढून घेतलंच. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, 'माझं गोंदण न्हाई काढलं व्हय?'

कपाळावर, भुवयांच्या मधोमध, तीन ठिपके होते. आईने जत्रेत गोंदवून घेतलेले. आगीच्या तावडीतून तेवढा कपाळाचा तुकडा सुटला होता. मी ते पाहिले होते, नक्कीच पाहिले होते, आणि नस-कातडी-व्रणाच्या हिशोबात बसत नाहीत म्हणून गाळले होते. काळ्या मण्यांची पोत गाळली होती, कानातली फुलंही. मी हिरव्या पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्यासमोर तीन ठिपके काढले. तिने मान हलवली, म्हणजे मान हलत नव्हतीच, डोळे हलवले. संध्याकाळी सरांनी चित्र पाहून विचारलं, 'हे काय, नीव्हस आहे?' म्हणजे तीळ किंवा जन्मखूण. गोंदण म्हटल्यावर म्हणाले, 'मग काढून टाका, वाचणारा गोंधळेल.' त्यांचंही बरोबर होतं. मी खोडरबर घेतला. हिरवा रंग गेला, पण पेन्सिल जरा दाबून चालवली होती, त्यामुळे कागदात तीन बारीक खळगे राहिले. छापील पानात अर्थातच तेही दिसत नाहीत.

कपाळावरून पुणं आठवलं. कारण युद्धातल्या जखमेचं जे चित्र साऱ्या युरोपातल्या सर्जनांनी पाहिलं, ते इथलं आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक चित्र आणि पत्र छापून आलं. कावसजी नावाचा, शेतकरी जातीतला मराठा, इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा. (मराठ्याचं नाव कावसजी कसं, हे मला कधीच पटलेलं नाही. इंग्रजाच्या कानाचा भरवसा काय!) १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी नाक कापलं आणि एक हातही. वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. कावसजीचं चित्र काढलं जेम्स वेल्सने. सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं ज्याने केली तोच हा स्कॉटिश चित्रकार. पेशव्यांची तसबीर करणाऱ्या हाताने हे गाडीवानाचं नाकही तितक्याच मन लावून काढलंय. कपाळावरचा, कातडी काढलेल्या जागेचा व्रण त्याने लपवलेला नाही.

पत्रातली कृती मी इतक्या वेळा वाचलीय की पाठ झाली आहे. आधी मेणाची पातळ पट्टी तुटक्या नाकावर बसवून नाकाचा घाट करायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलायची. भुवयांमधला अरुंद पट्टा मात्र तोडायचा नाही, त्यातून रक्त येत राहतं. कातडीला अर्धा पीळ देऊन ती खाली वळवायची आणि तुटक्या नाकाच्या कडेत छेद घेऊन त्यात खोचायची. टाके नाहीत. कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड ठेवायचं. मधला पट्टा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. हे वाचून लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली, आणि शंभर वर्षांनी गिलीज चेहऱ्यांसाठी जे फ्लॅप (शेजारून वळवून आणलेली कातडी) करत होता त्यांचं मूळ तत्त्व हेच, कातडी पूर्ण तोडायची नाही. त्याने १९१७ मध्ये ती गुंडाळून तिची नळी केली, म्हणजे उघडी बाजू आत जाते आणि पू होत नाही. पत्रात इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, त्यातल्या एकाचं चुकीचं छापलेलं, पण आहे. चित्रकाराचं नाव आहे. ज्याने नाक केलं त्याची जात तेवढी आहे. आणि मला उगीच वाटत राहतं, भुवयांमध्ये गोंदण असलेल्या एखाद्या बाईचं नाक त्या माणसाने केलं असेल तर ते तीन ठिपके पट्ट्यात राहिले असतील की नाकावर उतरले असतील?

कात. पुण्याच्या त्या माणसाने जखमेला लावला तो. पानाचा, आणि अलीकडे गुटख्याच्या पुडीतलाही. बँकेतल्या गृहस्थांच्या गालाला लावलेली कातडी छातीवरची होती, एवढं मला एका नजरेत कळलं होतं. रंग वेगळा आणि गालावर छातीचे राठ केस. खालचा डावा जबडा काढून टाकलेला. आमच्याकडे अशा चित्रांची फाइल जाडजूड झाली होती. तंबाखूवाल्यांची फाइल म्हणायचो आम्ही तिला. म्हणजे बघितलंच नाही असंही नाही. आजार बघितला, ऑपरेशन ओळखलं, कुणी बऱ्यापैकी हाताने टाके घातलेत हेही मनात नोंदलं. मग नजर खाली घेतली.

दोन दिवसांनी मी त्यांचं चित्र काढायला बसले. इतक्या वर्षांची सवय आहे, एकदा पाहिलेला चेहरा आठवणीतून उतरतो. गाल आला, टाक्यांची रेघ आली. डोळे येईनात. चष्मा होता की नव्हता तेही आठवेना. खिसा मात्र हुबेहूब आला. शिवण एका कोपऱ्यात उसवून पुन्हा हाताने घातलेली, वरचं बटण बाकीच्या बटणांपेक्षा किंचित पिवळं, आत चारदा दुमडलेला कागद. आणि त्या कागदाशेजारी, टोक खाली करून, टोपण नसलेलं माझं निळं जेल पेन.

तेव्हा मी हातातली पेन्सिल ठेवली. ते काय म्हणाले होते ते ऐकू आलेलं होतं, अर्थ लागला नव्हता इतकंच. 'टोहण' असं काहीतरी. शाळेत गुरुजींनी घोकून घेतलेलं प फ ब भ म, ओष्ठ्य वर्ण. ओठाला ओठ टेकल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. मी आरशासमोर गेले, खालचा ओठ बोटांनी ओढून धरला आणि 'टोपण' म्हणून बघितलं.

टोपण माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. जेलची शाई सुती कापडावर पसरते, आणि धुतल्यावर आणखी पसरते.